पाच फाउल आणि एक उंच पोरगं: नाशिकमधल्या एका नवख्या सेंटरचं प्रकरण

आपल्या नाशिकमधे दर दोन-तीन वर्षांनी एखादं खूप उंच पोरगं बास्केटबॉलला येतं, सगळं ग्राउंड खूश होतं की चला आता आपल्याला सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, मिळाला, आणि वर्ष-दीड वर्षात ते पोरगं यायचं बंद होतं. मी बरीच वर्षं पोरांना शिकवतोय आणि हे इतक्या वेळा बघितलंय की यावेळी जे पोरगं टिकलं त्याचं प्रकरण पहिल्यापासून नीट लिहून काढायचं ठरवलं. माझं म्हणणं एकच आहे. नवख्या बिग मॅनला, म्हणजे अशा उंच सेंटरला, आधी मूव्ह (शॉट मारायच्या युक्त्या) शिकवू नका, आधी त्याला कोर्टवर टिकायला शिकवा, म्हणजे फाउल न करता वेळेवर जागेवर पोचायला, बाकीचा खेळ तिथूनच उभा राहतो. पोराचं, गावाचं आणि क्लबचं नाव देत नाहीये, पोरगं अजून बारावीत आहे.

तर पोरगं निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग, दहावीनंतर अकरावीला नाशिकमधे आलं आणि सिडकोत मामाकडे राहायला लागलं. उंची सहा फूट सहा इंच, वजन जेमतेम बहात्तर किलो. हात एवढे लांब की शर्टाच्या बाह्या कोपराच्या जरा खाली संपायच्या. गावच्या शाळेत व्हॉलीबॉल खेळायचा, मधला ब्लॉकर, आणि तिथे चांगला होता. बास्केटबॉल म्हणजे शाळेच्या मैदानावर एक रिंग होती तिला बॉल मारणं, तेवढंच. आमच्याकडे कुणीतरी त्याला जवळजवळ धरूनच आणला, तुझी उंची वाया चाललीय म्हणून.

पहिला पावसाळा असाच गेला. आमचं कोर्ट उघडं, सिमेंटचं, जून ते सप्टेंबर निम्मे दिवस ओलं असतं. ऑगस्टच्या शेवटी पहिल्या काही मॅच झाल्या आणि त्यात तो दुसरा क्वार्टर संपायच्या आत बेंचवर, पाच फाउल होऊन. एकदा नाही, प्रत्येक वेळी तसंच, फार तर तिसऱ्या क्वार्टरपर्यंत ओढलं. त्याला आधी कुणीतरी सांगून ठेवलं होतं की तू उंच आहेस ना मग रिंगखाली उभा राहा, हात वर कर आणि येईल तो बॉल अडव. हा सल्ला मी सगळीकडे ऐकतो आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण त्यात पोराला काय करायचं हे काहीच सांगितलेलं नसतं, फक्त तुझी उंची आम्हाला दे असं म्हटलेलं असतं.

आपल्याकडे मॅच फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमाने होते, १० मिनिटांचे चार क्वार्टर आणि पाचवा फाउल झाला की बाहेर. अमेरिकेतल्या एनबीए लीगमधे १२ मिनिटांचे क्वार्टर आणि सहा फाउल मिळतात. शिवाय एका क्वार्टरमधे टीमचे चार फाउल झाले की पुढच्या प्रत्येक बचावाच्या फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे सेंटरने पहिल्या तीन मिनिटांत दोन फाउल करून ठेवले तर उरलेली सात मिनिटं आपले गार्डसुद्धा (रिंगपासून लांब, बॉल घेऊन खेळणारे) हात आखडून खेळतात. एकट्याच्या फाउलची किंमत पाचही जण भरतात. आणि पोराच्या बाजूने बघा, पाच मिनिटं खेळायचं आणि पस्तीस मिनिटं मान खाली घालून बसायचं, बघणारे म्हणतात नुसता लांब आहे. अशी दोन वर्षं कोण काढेल? म्हणून पोरं जातात.

आम्ही एक काम केलं. मॅचचे मोबाईलवर काढलेले व्हिडिओ घेतले आणि त्याचा प्रत्येक फाउल वहीत लिहिला, पण फाउल झाला तो क्षण नाही, त्याच्या दोन सेकंद आधी तो कुठे उभा होता, कुठे बघत होता आणि त्याचे पाय कसे होते ते. हे करताना पोराला शेजारी बसवलं आणि वहीत त्यालाच लिहायला लावलं. त्यातून जे निघालं ते मला अजूनही फार महत्त्वाचं वाटतं.

एक तर हातांचं. व्हॉलीबॉलमधे ब्लॉक करताना हात नेटच्या पलीकडे घालायचे असतात, चांगला ब्लॉकर तोच जो बॉलवर पुढे झुकून हात दाबतो. बास्केटबॉलमधे नेमकं हेच चुकीचं आहे. इथे प्रत्येक खेळाडूला स्वतःचा सिलिंडर असतो, तुम्ही जिथे पाय ठेवलेत तिथून सरळ वर छतापर्यंतची जागा तुमची, तुम्ही सरळ वर उडालात आणि हात वर ठेवलेत तर समोरचा येऊन धडकला तरी फाउल तुमचा नाही, पण हात पुढे झुकले की तुम्ही त्याच्या जागेत शिरलात. म्हणजे पोरगं जे वर्षानुवर्षं मन लावून शिकलं होतं तेच त्याला बाहेर काढत होतं. त्याला हे कळल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण तोपर्यंत त्याला वाटत होतं रेफरी आपल्यावर खार खाऊन आहेत.

दुसरं उडी. नेटवर समोरचा स्मॅश मारणार हे जवळजवळ नक्की असतं म्हणून ब्लॉकर उडतोच. इथे समोरचा गार्ड फक्त खांदे उचलून फसवतो, तो वर जातो, गार्ड त्याच्या अंगाखाली शिरतो, फाउल आणि वर बास्केट.

तिसरं आणि सगळ्यात मोठं म्हणजे उशीर. वहीतले निम्म्याहून जास्त फाउल असे होते की तो ज्या खेळाडूला मार्क करत होता त्याच्याकडे पूर्ण तोंड करून, बॉलकडे पाठ करून उभा होता. आपला गार्ड हरला हे त्याला कळायचं तेव्हा समोरचा पेंटमधे (रिंगखालच्या आखलेल्या चौकोनात) दोन पावलं आत आलेला असायचा, मग हा तिरका धावत जाणार, चालत्या अंगाने उडणार, धडकणार. लोकांना हातांचा फाउल दिसतो, पण तो फाउल दोन सेकंद आधी पायांनी आणि डोळ्यांनी झालेला असतो. माझ्या मते बिग मॅनच्या प्रशिक्षणातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे.

म्हणून सप्टेंबरपासून त्याला रिंगवर एकही मूव्ह शिकवली नाही. बरेच जण मला विचारायचे की अहो सर, एवढं उंच पोरगं आहे, जरा पोस्ट मूव्ह द्या, हूक शिकवा. मी म्हणायचो थांबा.

रोज पहिला अर्धा तास त्याने फक्त दोन्ही हातांनी टी-शर्टची मागची बाजू धरून बचाव करायचा, हात वापरायचेच नाहीत, गार्ड विंगवरून, म्हणजे कोर्टच्या बाजूकडून, आत येणार आणि याने छातीने त्याच्या समोर पोचायचं. पोचला तर गार्डला फेरी मारून जावं लागतं, नाही पोचला तर गार्ड सरळ आत. हात नसल्यावर पायांना काम करावंच लागतं. आठवडाभर तो प्रत्येक वेळी हरला. मग हळूहळू त्याला कळलं की गार्डच्या पहिल्या पावलाला निघालं तरच पोचता येतं. त्यानंतर हात सोडले, पण अट अशी की पाय जमिनीवर टेकलेले असल्याशिवाय उडायचं नाही, दोन्ही पाय, मग सरळ वर, हात कानाला लागून. इंडियाना पेसर्सच्या रॉय हिबर्टने २०१३ च्या सुमारास हेच करून आख्खा बचाव उभा केला होता, त्याचे व्हिडिओ मी त्याला दाखवले. हिबर्ट काही फार चपळ नव्हता, फक्त आधी पोचायचा आणि सरळ उडायचा.

उभं राहायची जागाही बदलली. बॉल आणि आपला माणूस दोन्ही डोळ्याच्या कडेला दिसतील असा तिरका उभा राहा, मान सतत फिरती ठेव. इथे एक गंमत कळली. पोरगं मोबाईलवर एनबीएचे क्लिप बघून शिकलं होतं की बचाव करतानासुद्धा पेंटमधून सारखं बाहेर पडायचं असतं, म्हणून दर दोन-तीन सेकंदांनी उगाच बाहेर पाऊल टाकून परत यायचं. एनबीएमधे २००१-०२ पासून बचावाच्या तीन सेकंदांचा नियम आहे, फिबात तो नाहीच. तीन सेकंद फक्त आक्रमण करणाऱ्याला. आपल्याकडचा सेंटर बचावात पेंटमधे हवा तेवढा वेळ थांबू शकतो. दुसरा असाच नियम रिंगवरच्या बॉलचा, एनबीएमधे बॉल रिंगच्या वर असेल तर हात लावता येत नाही, फिबात शॉट एकदा रिंगला लागला की बॉलला कुणीही हात लावू शकतो. सहा फूट सहाच्या पोराला हे माहीत नसणं म्हणजे केवढं नुकसान. त्याने रिंगवर नाचणारा बॉल पहिल्यांदा टॅप करून बाहेर काढला तेव्हा समोरच्या टीमनेच आरडाओरडा केला, रेफरीने शांतपणे खेळ चालू ठेवला.

आता बोलण्याचा विषय, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

सेंटरला सगळं कोर्ट समोर दिसतं. गार्डला मागून येणारा स्क्रीन (वाट अडवायला येऊन उभा राहणारा समोरचा खेळाडू) दिसत नाही, तो सेंटरने ओरडून सांगायचा असतो. आमचं पोरगं एक शब्द बोलायचं नाही. आम्हाला वाटलं लाजरा आहे. पण संध्याकाळी जे सिनिअर खेळतात, कुणी सातपूरला कंपनीत, कुणी अंबडला, फर्स्ट शिफ्ट करून येणारे, चाळिशीच्या आसपासचे लोक, त्यांच्यासोबत खेळताना तो जास्तच गप्प व्हायचा. एकदा मी विचारलं का रे बोलत नाहीस, तर म्हणाला, सर, दादांना असं ओरडून कसं सांगू, बरं नाही वाटत. गावाकडे मोठ्या माणसावर आवाज चढवायचा नाही हे त्याच्या अंगात भिनलेलं, आणि ते काही वाईट नाही. तो कधी बोललाच तर म्हणायचा, दादा, तुमच्या उजव्या बाजूने स्क्रीन येतोय बघा. एवढं वाक्य पूर्ण होईपर्यंत दादा स्क्रीनला आदळलेले असायचे.

मग आम्ही सिनिअरना बसवलं आणि सगळ्यांसमोर ठरवलं की कोर्टच्या रेषेच्या आत चारच हाका, "डावा", "उजवा", "सोड" आणि "मी आहे". यात तू-तुम्ही काही येत नाही, दादा-काका काही नाही, हा खेळाचा भाग आहे आणि जो ही हाक देणार नाही त्याच्यावर सिनिअर रागावतील, जो देईल त्याच्यावर नाही. त्यातल्या सगळ्यात वयाने मोठ्या दादांनी स्वतः त्याला सांगितलं की बाळा, तू नाही ओरडलास तर माझा खांदा जाईल, उद्या मला मशीनवर उभं राहायचंय. हे ऐकल्यावर पोरगं बदललं. पहिले काही दिवस ओरडल्यावर लगेच मागे वळून बघायचं की कुणाला राग तर नाही आला, नंतर तेही गेलं. आणि आवाजासोबत फाउल कमी झाले, हे मी अगदी ठामपणे सांगतो, कारण ओरडण्यासाठी आधी बघावं लागतं, आधी बघितलं की आधी निघता येतं. कोचिंगच्या गप्पांमधे आपण उंची, उडी, ताकद यावर तासन् तास बोलतो आणि उंच पोराच्या तोंडातून आवाज कसा काढायचा यावर कुणी बोलत नाही.

त्याच दादांनी त्याला रिबाउंडही, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल मिळवणं, शिकवला. दादांची उंची सहा फुटाला थोडी जास्त, वजन मात्र भरपूर, आणि ते या पोराला कधीच बॉल घेऊ द्यायचे नाहीत, शॉट सुटला की वर बघायच्या आधी त्यांचं बूड पोराच्या मांडीला लागलेलं असायचं आणि हा मागे ढकलला जायचा. बॉक्स आऊट म्हणजे काय हे पुस्तकातून कळत नाही, असं रोज ढकललं गेल्यावरच कळतं. कॉर्नरमधून मारलेला शॉट चुकला तर बहुतेक वेळा बॉल पलीकडच्या बाजूला पडतो, हेही त्यांनीच सांगितलं, त्यामुळे त्याने आधीच पलीकडची जागा धरायला सुरुवात केली. आधी तो लोकांच्या पाठीवरून बॉल घ्यायला जायचा, तो एक फाउलचा प्रकार जवळजवळ बंदच झाला.

आक्रमणात पहिलं काम होतं बॉल पकडणं. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण व्हॉलीबॉलमधे बॉल पकडतच नाहीत, तिथे बॉल हातात थांबला की चूक. त्यामुळे जोरात आलेला पास याच्या बोटांवर आपटून बाहेर जायचा. भिंतीवर टेनिस बॉल मारून एका हाताने झेलणं, मग जवळून जोरात पास, मग धावता धावता पास. आणि पकडल्यावर बॉल हनुवटीच्या खाली आणायचा नाही, कोपरं बाहेर. उंच पोरांचा हा जुना रोग आहे, वर पकडलेला बॉल कमरेपर्यंत खाली आणतात आणि पाच फूट सहाचा गार्ड येऊन काढून घेतो, मग उंचीचा फायदा काय राहिला?

त्यानंतर मायकन ड्रिल. रिंगच्या उजवीकडून उजव्या हाताने, डावीकडून डाव्या हाताने, बॉल खाली न आणता सलग. जॉर्ज मायकनची गोष्ट मी प्रत्येक उंच पोराला सांगतो. ६ फूट १० इंच, जाड चष्मा, १९४० च्या दशकात डीपॉल विद्यापीठात आला तेव्हा बेढब पोरगं होतं, कोच रे मेयर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, बॉक्सिंग करायला लावलं, डान्स शिकायला पाठवलं. तोच पुढे त्या काळातला सगळ्यात मोठा सेंटर झाला. हकीम ओलाजुवानही तसाच, लागोसमधे फुटबॉलचा गोलकीपर आणि हँडबॉल खेळणारा, बास्केटबॉल हातात घेतला पंधराव्या वर्षाच्या आसपास, १९८४ च्या ड्राफ्टमधे (एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिला निवडला गेला आणि एनबीएतला ३८३० ब्लॉकचा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. दुसऱ्या खेळातून आलेलं काही वाया जात नाही, पण काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे कुणीतरी शेजारी बसून सांगावं लागतं. आमच्या पोराची दोन पायांवरची उडी आणि बॉलचा अंदाज व्हॉलीबॉलमधलाच आहे, ते तसंच ठेवलं.

स्क्रीनचं थोडक्यात सांगतो. पाय रुंद, थांब, धडक बसेपर्यंत हलू नको, हललास की तो तुझाच फाउल आणि बॉलही गेला. मग बॉलकडे छाती उघडून रिंगकडे रोल, म्हणजे वळून आत जायचं. सुरुवातीला तो रिंगपर्यंत धावत सुटायचा आणि तिथे गर्दीत अडकायचा, म्हणून त्याला फ्री थ्रो रेषेच्या आसपास थांबून पास घ्यायला लावलं, तिथून दोनच पर्याय, समोर मोकळं असेल तर एक ड्रिबल आणि वर, कुणी आडवं आलं तर कॉर्नरमधे पास. दोनच ठेवले, कारण नवख्या सेंटरला पाच पर्याय दिले की तो बॉल धरून उभा राहतो.

थ्री पॉइंटचा, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारायच्या शॉटचा, हट्ट सगळ्यांचा होता, पोराचा तर होताच. तो एनबीएतला फ्रेंच सेंटर वेंबन्यामाचे रील बघायचा, मीही बघतो, २०२३-२४ च्या पहिल्याच सीझनला रुकी ऑफ द इयर (वर्षातला सगळ्यात चांगला नवा खेळाडू) आणि लीगमधे सगळ्यात जास्त ब्लॉक, मॅचला सरासरी ३.६. पण तो पोरगा एनबीएत यायच्या आधी फ्रान्समधे प्रोफेशनल खेळून आलेला होता हे रीलमधे दिसत नाही. मी त्याला ब्रूक लोपेझचं उदाहरण दिलं. एनबीएमधल्या पहिल्या आठ सीझनमधे मिळून त्याने फक्त ३ थ्री पॉइंट बास्केट केले आणि २०१६-१७ च्या एका सीझनमधे १३४. शॉट नंतरही येतो. आधी फ्री थ्रो, बोर्डापासून ४.६० मीटर, कुणी अडवायला नाही, तिथे हात सरळ झाला की मग एल्बो, म्हणजे फ्री थ्रो रेषेचं टोक, मग पुढचं पुढे.

ऑक्टोबरमधे गुडघ्याने डोकं वर काढलं. गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा असतो तिथे दुखायचं, पायऱ्या चढताना, मांडी घालून बसताना. वाढीच्या वयात उड्या मारणाऱ्या पोरांना हे बऱ्यापैकी होतं, त्यात आमचं सिमेंटचं कोर्ट. हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी उड्या बंद करायला सांगितल्या, आम्ही केल्या. त्याच दिवसांत घरी गोडी छाटणी, म्हणून तो गावी गेला. तिथे वेगळीच अडचण, द्राक्षाचा मांडव याच्या डोक्यापेक्षा खाली, दिवसभर वाकून काम, परत आला तेव्हा कंबर धरलेली. वडिलांना फोन करून सांगितलं की दादा, त्याला बागेत काम द्या पण बसून करायचं द्या, त्यांनी लगेच ऐकलं. परत आल्यावर जवळजवळ दोन महिने त्याने उडी न मारता जे करता येतं ते सगळं केलं, फ्री थ्रो, पास, स्क्रीन, वही आणि व्हिडिओ. मला वाटतं त्या दोन महिन्यांत तो सगळ्यात जास्त शिकला, कारण उडी काढून घेतल्यावर त्याला जागेवरच खेळावं लागलं.

वजनाचं अवघड होतं. घर माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. मग मामींनी दूध, पनीर, मोड आलेली मटकी, शेंगदाणे आणि तुपाची भाकरी असं जमवलं. कुणीतरी पावडरचा डबा सुचवला, मी नको म्हटलं, आधी दोन वेळचं जेवण चार वेळा होऊ दे. वर्षभरात सहा-सात किलो वाढलं. बुटांचा नंबर मेन रोडला, शालिमारला कुठेच मिळाला नाही, मागवावा लागला.

याच काळात वडील एकदा ग्राउंडवर आले. बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सर, खेळू द्या त्याला, मी नाही म्हणत नाही, पण यातून पुढं काय, ते खरंखरं सांगा." मला हा प्रश्न आवडतो आणि त्याला गोलमाल उत्तर देणं मला पाप वाटतं. मी त्यांना सतनाम सिंगचं सांगितलं, पंजाबातल्या खेड्यातला शेतकऱ्याचा पोरगा, सात फूट दोन इंच, २०१५ मधे डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या नंबरवर ड्राफ्ट केला, एनबीएने ड्राफ्ट केलेला पहिला भारतीय, आणि तरी एनबीएची एकही नियमित मॅच त्याला खेळायला मिळाली नाही. म्हणजे उंचीने दार उघडतं, आत राहायला खेळ लागतो. आपल्याकडचं गणित वेगळं आहे, राज्य पातळीपर्यंत पोचला तर बारावीला सवलतीचे गुण, पुढे जास्त मोठ्या स्पर्धा खेळला तर सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण, रेल्वे आणि पोलिसांच्या टीम. हमी कशाचीच नाही. ते म्हणाले, एवढं समजलं तरी बास. अभ्यास बुडवायचा नाही ही अट घालून गेले.

यंदाच्या सप्टेंबरमधे १९ वर्षांखालच्या शालेय जिल्हा स्पर्धा झाल्या. महत्त्वाची मॅच अशा टीमसोबत होती ज्यांचा गार्ड फारच चपळ, सारखा आत घुसणारा. मागच्या वर्षी याच गार्डने आमच्या पोराला पहिल्या सहा-सात मिनिटांत तीन फाउल करायला लावले होते. यंदा पहिल्या क्वार्टरमधे एक. दुसऱ्यात एकही नाही. गार्ड दोनदा आत आला आणि खांद्याने फसवलं, पोरगं जमिनीवरच राहिलं, हात वर, गार्डला शॉट उंच उडवावा लागला आणि दोन्ही चुकले. "उजवा, उजवा" हा त्याचा आवाज कोर्टच्या या टोकापर्यंत येत होता. तिसऱ्या क्वार्टरमधे दोन फाउल झाले, एक हलत्या स्क्रीनचा, तो पूर्ण त्याचा, आणि एक रिबाउंडच्या गर्दीतला. तीन फाउलवर शेवटचा आख्खा क्वार्टर खेळला. पॉइंट म्हणाल तर फार नाहीत, आठ की नऊ, त्यातले निम्मे फ्री थ्रो. पण त्याच्या पेंटमधे समोरच्यांनी यायचं कमी केलं आणि बाहेरून शॉट मारायला लागले, मी बेंचवर हेच बघत होतो.

मॅच आम्ही दोन पॉइंटने हरलो. शेवटच्या मिनिटाला त्याला फ्री थ्रो रेषेवर पास मिळाला, दोन जण अंगावर आले, कॉर्नर मोकळा होता आणि त्याने पासही तिकडेच दिला, पण पास हळू गेला आणि कापला गेला. घरी जाताना काही लोक म्हणाले की उंच पोराने स्वतः मारायला हवं होतं. नाही, निर्णय त्याचा बरोबर होता, पासात जोर नव्हता, आणि जोर शिकवता येतो. मी त्याला त्याच रात्री हे सांगितलं, वही घेऊन नाही, नुसतं फोनवर, झोपायच्या आत कळायला हवं होतं म्हणून.

आता पुढचं काम ठरलंय. दोन्ही हातांनी छातीवरून जोरात पास, तोही दोन जण अंगावर असताना. डाव्या हाताचं फिनिश अजून कच्चं आहे, डावीकडून गेला की तो बॉल उजव्या हातात बदलतो आणि तिथेच अडतो. बचावात आत्तापर्यंत त्याला स्क्रीनच्या वेळी मागेच थांबवत होतो, गार्ड समोर ठेवून आणि रोल करणारा पाठीशी येऊ न देता, आता एखाद-दुसरं पाऊल बाहेर येऊन अडवायला शिकवायचंय, त्यासाठी मांड्यांची ताकद लागेल. हूक शॉटही यंदा सुरू करणार, उजव्या खांद्यावरून आधी, आणि तो खूश आहे कारण दीड वर्ष याची वाट बघत होता. सध्या छाटणीसाठी गावी गेलाय, यावेळी बसून करायची कामं घेतलीत असं वडिलांनी स्वतः कळवलं, आल्यावर पहिला आठवडा पास आणि डावा हात, गुडघा ठीक वाटला तर मग उड्या.